रॅम कुठल्या कंपनीची घ्यावी? चार ब्रँड स्वतः बसवून झाल्यावरचं माझं मत

पीसीची रॅम वाढवायची ठरलं की सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, कुठल्या कंपनीची घेऊ. मीपण आधी हेच विचारायचे. गेल्या सहा-सात वर्षांत माझा पीसी, भावाचा नवीन पीसी आणि आईचं ऑफिसचं काम चालतं ते मशीन असं मिळून कॉर्सेअर, किंग्स्टन, क्रुशियल आणि जी.स्किल या चारही कंपन्यांची रॅम मी स्वतःच्या हाताने बसवलीय, त्यात एकदा चांगलीच ठेच पण लागलीय, आणि आता कोणी विचारलं तर मी आधी उलट विचारते की आत्ता आत काय बसवलेलं आहे, मदरबोर्ड कुठलं आहे, आणि जुनी रॅम ठेवून नवीन जोडणार की सगळी काढून नवीन घेणार. ब्रँडचं नंतर बघू. कारण ब्रँड चुकला म्हणून कोणाचं नुकसान झालेलं मी फार कमी बघितलंय, पण जोडी चुकली म्हणून डोक्याला हात लावून बसलेले बरेच बघितलेत, आणि त्यात मी स्वतः आहे.

तर माझी गोष्ट आधी सांगते म्हणजे पुढचं का म्हणतेय ते कळेल.

माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ३६०० सीपीयू आहे, बी४५० बोर्डावर, आणि त्यात पहिल्यापासून कॉर्सेअर व्हेन्जन्स एलपीएक्सच्या ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, डीडीआर४ ३२०० सीएल१६ (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा वेग, आणि सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा). वर्षानुवर्षं काही तक्रार नाही. पण मी फोटो एडिटिंग करते, आणि एडिटर उघडा, ब्राउझरमध्ये तीस टॅब, बाजूला व्हिडिओ एक्सपोर्टला लावलेला असं झालं की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी १५ जीबीच्या वर जाऊन बसायची आणि माऊससुद्धा अडखळायला लागायचा. म्हणजे रॅम कमी पडतेय हे स्पष्ट होतं. (हे आधी बघाच, टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी. काम चालू असताना जर तिथे निम्मीच भरलेली दिसत असेल तर रॅम वाढवून काही होणार नाही, तुमचा त्रास दुसरीकडे आहे.)

बोर्डावर दोन स्लॉट रिकामे होते. मग विचार सरळ होता, आहेत त्या दोन राहू देत, अजून ८-८ च्या दोन आणून लावू, झाले ३२ जीबी. जुनं मॉडेल तेव्हा मिळेना म्हणून दुसऱ्या एका कंपनीच्या, पण स्टिकरवर अगदी तेच लिहिलेल्या, ३२०० सीएल१६, १.३५ व्होल्ट, अशा दोन घेतल्या. कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष तिचा होता असं मी आजही म्हणू शकत नाही. बसवल्या, पीसी चालू झाला, ३२ जीबी दिसली, मी खूश. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलं तर स्क्रीन काळी, पंखे फिरतायत, तीनदा आपोआप रिस्टार्ट होऊन परत २१३३ वर आलं. मग हाताने २९३३ ठेवलं तर चालू झालं. विंडोज आली, एडिटर उघडला, सगळं नीट वाटलं, आणि मी ते तसंच ठेवलं.

पुढचे पंधरा दिवस छोट्या छोट्या गोष्टी व्हायला लागल्या. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना), परत उघडली की ठीक. ब्राउझरचा एखादा टॅब आपोआप पडायचा. दोनदा निळी स्क्रीन, एकदा मेमरी मॅनेजमेंट असं लिहिलेलं आणि एकदा वेगळंच काहीतरी. मला वाटलं विंडोज अपडेटचा घोळ असेल. आणि मग एके रात्री त्या काळात एसएसडीवरून बॅकअप ड्राइव्हवर हलवलेले फोटो बघत होते तर एका फोटोचा वरचा निम्मा भाग एकदम नीट आणि खालचा निम्मा भाग करड्या रंगाचा पट्टा. पुढे अजून एक, त्यात रंग सरकून गेलेले. असे तीन निघाले. कॅमेऱ्याच्या कार्डावर मूळ फोटो अजून होते म्हणून वाचले, नाहीतर ते कायमचे गेलेच होते. खरं सांगते, पोटात गोळा आला. पीसी बंद पडला तर आपल्याला कळतं तरी, पण रॅम जर मधेच एखादा बिट, म्हणजे शून्य-एकमधला एक आकडा, चुकीचा देत असेल तर कॉम्प्युटर तो चुकीचा बिट मुकाट्याने डिस्कवर लिहून टाकतो आणि कोणाला पत्ताच लागत नाही.

त्याच रात्री मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून चालवलं. पहिला पास (तपासणीची एक फेरी) स्वच्छ गेला, दुसऱ्या पासमध्ये लाल ओळी सुरू. मग दुसऱ्या दिवशी नवीन दोन स्टिक एकट्या लावून टेस्ट केली, शून्य एरर. जुन्या दोन एकट्या लावल्या, शून्य एरर. चारही लावल्या की एरर. म्हणजे चारपैकी एकही स्टिक खराब नव्हती, खराब होती ती त्यांची संगत.

हे का होतं ते मी नंतर नीट समजून घेतलं. स्टिकरवर सीएल१६ लिहिलेलं असतं, पण त्याच्या मागे दुसरे दहा-वीस टायमिंग (कुठल्या कामाला किती ठोके थांबायचं ते आकडे) असतात जे पाकिटावर कधीच छापत नाहीत, आणि ते आतली चिप कुठली आहे त्यावर ठरतात. चार स्टिकमध्ये दोन वेगळ्या जातीच्या चिप असतील तर बोर्डाला सगळ्यांना चालेल असा मधला मार्ग शोधावा लागतो आणि तो दर वेळी सापडतोच असं नाही. त्यात परत चार स्टिकचा भार सीपीयूच्या आतल्या मेमरी कंट्रोलरवर पडतो. एएमडीने रायझन ३००० साठी दिलेला अधिकृत आकडाच असा आहे की दोन स्टिक असतील तर ३२००, चार सिंगल रँक (रँक म्हणजे स्टिकवरच्या चिपचा एक गट) स्टिक असतील तर २९३३, आणि चार ड्युअल रँक असतील तर २६६७. मी हे आधी वाचलं असतं तर एक्सएमपी का चालत नाही हा प्रश्नच पडला नसता. डीडीआर५ मध्ये तर हे अजून कडक आहे, एएम५ वर (एएमडीच्या नव्या सीपीयूंचं सॉकेट) रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२०० आणि चार लावल्या की एकदम ३६००. लोक याच्या वर चालवतात, ती गोष्ट वेगळी, पण कंपनी जबाबदारी घेते ती एवढ्याचीच.

तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. दोन स्टिक, एकाच पाकिटातल्या, हव्या तेवढ्या क्षमतेच्या. १६ ची ३२ करायची असेल तर १६-१६ चं किट घ्या आणि जुन्या काढून ठेवा किंवा दुसऱ्या मशीनला लावा. किट म्हणून विकलेल्या स्टिक कंपनीने एकत्र टेस्ट केलेल्या असतात, आणि तेच मॉडेल सहा महिन्यांनी परत घेतलं तर आत तीच चिप असेल याची काही खात्री नाही.

आता चिपचा विषय निघालाच आहे तर ब्रँडचं खरं काय ते इथेच कळतं. जगात पीसीच्या रॅमसाठी लागणाऱ्या मेमरी चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्याखालोखाल नान्या आणि चीनची सीएक्सएमटी वगैरे. कॉर्सेअर, किंग्स्टन, जी.स्किल, एडाटा, टीमग्रुप, पेट्रियट यातली एकही कंपनी स्वतः चिप बनवत नाही. हे सगळे याच तिघा-चौघांकडून चिप घेतात, निवडतात, पट्टीवर बसवतात, वर उष्णता पसरवणारा पत्रा लावतात आणि टेस्ट करून विकतात. त्यामुळे "अमुक ब्रँडची रॅम फास्ट आणि तमुकची स्लो" या वादात काही अर्थ नाही, दोघांच्या पत्र्याखाली एकाच कारखान्यातली हायनिक्स निघू शकते. फरक पडतो तो चिप किती निवडून घेतली, कुठल्या टायमिंगची हमी दिली आणि उद्या बिघडली तर बदलून देताना किती त्रास देतात यात.

आणि हा फरक नुसत्या वेगाच्या आकड्यात दिसत नाही, दुकानदार नेहमी मेगाहर्ट्झच सांगतो. सीएलचा आकडा त्याच्याबरोबर वाचायचा असतो. हिशोब अगदी सोपा आहे, सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, येतील ते नॅनोसेकंद. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३६०० सीएल१८ म्हणजे पण १०. डीडीआर५ ६००० सीएल३० पण १०. आणि ६००० सीएल४० घेतली की १३.३. म्हणजे पाकिटावर दोन्हीकडे ६००० च लिहिलंय पण पहिला डेटा यायला एकीकडे एक तृतीयांश वेळ जास्त लागतोय. मोठा आकडा बघून जास्त सीएलची रॅम उचलण्याआधी मोबाईलवर एवढा भागाकार करून बघा.

आता ब्रँड एकेक.

कॉर्सेअर. माझ्या जुन्या एलपीएक्सला मी पूर्ण मार्क देते. साधी काळी पट्टी, लाइट नाही, उंची कमी, त्यामुळे मोठा एअर कूलर असला तरी खाली आरामात बसते. कॉर्सेअरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्टिकरवर एक व्हर्जन नंबर छापलेला असतो, ४.३१ किंवा ५.३२ असा काहीतरी, आणि त्यातला पहिला आकडा चिप कोणाची ते सांगतो, ३ म्हणजे मायक्रॉन, ४ सॅमसंग, ५ हायनिक्स, ८ नान्या. माझ्या जुन्या स्टिकवर ४ होता. पाकिटाला खिडकी असेल तर न उघडता वाचता येतं. म्हणजे आहे त्या रॅमला जोड शोधायचीच वेळ आली तर निदान अंधारात तीर मारायला लागत नाही. डॉमिनेटर वगैरे वरच्या मालिका मी वापरल्या नाहीत, दिसायला सुंदर आहेत पण मला पत्र्याच्या नक्षीसाठी जास्त खर्च करावासा वाटत नाही.

किंग्स्टन. ही १९८७ पासूनची कंपनी, आणि आज माझ्या पीसीत यांचीच फ्युरी बीस्ट आहे, १६-१६ चं किट, ३२०० सीएल१६. आधी हायपरएक्स म्हणून जे मिळायचं तेच हे, २०२१ मध्ये हायपरएक्सचं हेडफोन-कीबोर्डचं खातं एचपीने विकत घेतलं, मेमरी किंग्स्टननेच ठेवली आणि नाव फ्युरी केलं. जुने लोक अजून हायपरएक्सच मागतात म्हणून सांगितलं. किंग्स्टनबद्दल एक गोष्ट समजून घ्या, हे लोक एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चिप वापरतात. ज्यांना ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, नाद आहे त्यांना हे चालत नाही आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. मला चालतं, कारण मी एक्सएमपी चालू करून विसरून जाणारी आहे आणि पाकिटावर जे लिहिलंय ते किंग्स्टन देतं. बसवली, एक्सएमपी चालू केलं, पहिल्याच झटक्यात ३२०० वर उठली, रात्रभर मेमटेस्ट लावलं, फुकटच्या आवृत्तीत चार पास होतात ते चारही स्वच्छ. सकाळी उठून ते हिरवं पास लिहिलेलं बघितलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

यांचा मॉडेल नंबर वाचायला शिका, खूप कामाला येतो. केएफ४३२सी१६बीबीके२/३२ असं असेल तर केएफ म्हणजे किंग्स्टन फ्युरी, ४ म्हणजे डीडीआर४, ३२ म्हणजे ३२००, सी नंतरचे १६ म्हणजे सीएल, बीबी म्हणजे बीस्ट काळी, के२ म्हणजे दोनचं किट आणि शेवटचे ३२ म्हणजे एकूण जीबी. के२ नसेल तर ती सुटी स्टिक आहे. दोन सुट्या स्टिक म्हणजे किट नव्हे, दुकानदार कितीही म्हणाला एकच आहे तरी. जी.स्किलचंही असंच वाचता येतं, एफ४-३२००सी१६डी-३२जीव्हीके मध्ये तो मधला डी म्हणजे दोनचं किट.

जी.स्किल. तैवानची कंपनी आणि टायमिंगच्या बाबतीत हात धरणारं कोणी नाही. डीडीआर४ च्या काळात सॅमसंगची बी-डाय नावाची चिप फार नावाजलेली होती, अजूनही लोक शोधत फिरतात, आणि ३२०० सीएल१४ सारखी घट्ट किटं त्यावरच बनायची. डीडीआर५ मध्ये ती जागा हायनिक्सच्या एम-डाय आणि ए-डायने घेतली. जी.स्किल पाकिटावर एका सीएलऐवजी सगळे चार मुख्य टायमिंग छापतं, ३०-३८-३८-९६ असे, त्यामुळे जाणकार माणसाला नुसतं ते वाचून आत काय असेल याचा बराच अंदाज येतो. भावाचा पीसी एएम५ वर बांधला तेव्हा त्याला मी हट्टाने फ्लेअर एक्स५ घ्यायला लावली, १६-१६, ६००० सीएल३०. फ्लेअर एक्स५ एएमडीच्या एक्स्पोसाठीच (एक्सएमपीसारखंच एएमडीचं सेटिंग) बनवलेली आहे आणि उंची ३३ मिलिमीटर, म्हणून कूलरखाली अडचण नाही. त्यांचीच जुनी रिपजॉज व्ही ४२ मिलिमीटर उंच आहे, ती माझ्या कूलरखाली बसली नसती, मी पट्टीने मोजून बघितलं होतं आणि तेवढ्यासाठीच माझ्या पीसीला किंग्स्टन घेतली. कूलर मोठा असेल तर ऑर्डर करण्याआधी पहिल्या स्लॉटच्या वर किती जागा आहे ते मोजाच.

त्या दिवशीची एक गोष्ट नक्की सांगायला पाहिजे. भावाने पहिल्यांदा बटण दाबलं, पंखे फिरले, बोर्डावरचा डीरॅमचा पिवळा दिवा लागला आणि स्क्रीन काळीच. एक मिनिट, दोन मिनिटं. तो बंद करायला हात पुढे करत होता, मी थांबवलं. डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतं, म्हणजे प्रत्येक स्टिकशी सिग्नल जुळवून बघतं, आणि त्याला काही मिनिटं लागतात. मधेच बंद केलं तर परत पहिल्यापासून. थांबलो, आणि स्क्रीन आली. कितीतरी लोक इथे घाबरून चांगली रॅम परत करतात, केवळ कोणी सांगितलेलं नसतं म्हणून.

क्रुशियल. यांच्याबद्दल लिहिताना मला मनापासून वाईट वाटतंय. मायक्रॉनचा स्वतःचा ब्रँड, म्हणजे चिपही त्यांची आणि पट्टीही त्यांची, दुसऱ्या कोणाकडून काही आणलेलं नाही. आईच्या मशीनला मी आधी यांच्याच साध्या स्टिक लावल्या होत्या, पत्रा नाही, लाइट नाही, हिरवी पट्टी आणि काळ्या चिप, ३२०० सीएल२२, १.२ व्होल्ट. सीएल मोठा आहे, हिशोबाने १३.७५ नॅनोसेकंद येतात, पण ऑफिसच्या कामाला तो फरक जाणवत नाही आणि याचा मोठा फायदा म्हणजे बायोसमध्ये काहीही न करता ती थेट ३२०० वर चालते, कारण तो वेग स्टँडर्डमधलाच आहे, एक्सएमपीचा नाही. कंपनीच्या बऱ्याच तयार मशीनमध्ये एक्सएमपीचा पर्यायच नसतो, तिथे अशीच रॅम लागते. बॅलिस्टिक्स ही गेमिंगची मालिका त्यांनी २०२२ मध्येच बंद केली होती, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियलचा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करतोय, फेब्रुवारी २०२६ पर्यंत माल पाठवू, वॉरंटीची सेवा चालू ठेवू. कारण सरळ आहे, एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त रस आहे. कुठे शिल्लक माल मिळाला तर घ्यायला माझी हरकत नाही, पण पुढे त्याला जोड मिळेल या आशेवर घेऊ नका, पाहिजे तेवढी एकदाच घ्या.

एडाटाची एक्सपीजी आणि टीमग्रुपची टी-फोर्स मी स्वतः वापरलेली नाही म्हणून त्यांना मार्क देत नाही, पण दोन्ही तैवानच्या जुन्या कंपन्या आहेत आणि तेच सीएल, तेच व्होल्टेज, दोनचं किट, बोर्डाच्या यादीत नाव असं सगळं जुळत असेल तर मी बिनधास्त घेईन.

बोर्डाची यादी म्हणजे क्यूव्हीएल. तुमच्या बोर्डाच्या सपोर्ट पानावर मेमरीची यादी असते, कुठलं मॉडेल, कुठल्या वेगाला, किती स्टिकपर्यंत चाललं. यादीत नसलेली रॅम चालत नाही असं अजिबात नाही, बऱ्याचदा चालते, पण यादीत असेल तर कोणीतरी ती त्याच बोर्डावर चालवून बघितलीय. मी आता दुकानाकडे वळायच्या आधी ते पान उघडते. ब्रँड मग तिथूनच ठरतो.

लाइटवाली घ्यायची का असं भाऊ तीनदा विचारून गेला. आवडत असेल तर घ्या, त्यात काही वाईट नाही, पण रॅमचे, बोर्डाचे आणि पंख्यांचे लाइट वेगवेगळ्या कंपन्यांचे असले की प्रत्येकाचं वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागतं आणि ती एकमेकांत पाय घालतात. आणि पत्र्याचं म्हणाल तर १.३५ व्होल्टवर चालणाऱ्या डीडीआर४ ला फार मोठ्या पत्र्याची गरज नसते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असले पत्रे पण मी बघितलेत, नुसता डबल टेपने चिकटवलेला पातळ ॲल्युमिनियम. डीडीआर५ मध्ये मात्र थोडा विचार करावा, कारण व्होल्टेज सांभाळणारी पीएमआयसी नावाची चिप बोर्डावरून उचलून रॅमच्या पट्टीवरच आणलीय, ती तापते.

डीडीआर५ बद्दल अजून एक गैरसमज खूप पसरलाय, की त्यात ईसीसी (चुका शोधून दुरुस्त करायची सोय) असतंच त्यामुळे डेटा सुरक्षित. तसं नाहीये. डीडीआर५ मध्ये असतं ते ऑन-डाय ईसीसी, चिपच्या पोटातल्या चुका चिपच दुरुस्त करते, बस. चिपपासून सीपीयूपर्यंतच्या वाटेवर बिट बिघडला तर त्याला ते वाचवत नाही आणि कुठे नोंदही होत नाही. माझे फोटो ज्या प्रकारे गेले तसे डीडीआर५ वर पण जाऊ शकतात. म्हणून टेस्ट करायचीच.

बसवताना दोनच गोष्टी. चार स्लॉटचं बोर्ड असेल तर दोन स्टिक सीपीयूपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, शेजारी शेजारी नाही. शेजारी लावल्या तर बऱ्याच बोर्डांवर सिंगल चॅनल होतं, म्हणजे दोनऐवजी एकाच वाटेने डेटा जातो, आणि ३२०० वर ५१.२ जीबी प्रतिसेकंद जिथे मिळायला पाहिजे तिथे २५.६ वर बसता. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना हे फार जाणवतं. दुसरं म्हणजे दाबताना घाबरू नका. खाच जुळवून बघा, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीला २८८ पिना आहेत पण खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे चुकीची बसतच नाही, जोर करू नका. खाच जुळली की मग दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, टक असा आवाज येईपर्यंत. काही बोर्डांना एकाच बाजूला चाप असतो, तिथे बिनचापाच्या बाजूची स्टिक अर्धवट बसते आणि दिसायला पूर्ण बसल्यासारखी दिसते. पीसी चालूच होत नाही अशा दोन तक्रारी मी नुसत्या त्या बाजूला अंगठा दाबून सोडवल्यात.

विंडोज आली की टास्क मॅनेजरमध्ये वेग बघा. बॉक्सवर ३२०० आणि तिथे २१३३ दिसत असेल तर रॅम खोटी नाही, एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलेलं नाही. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उतरवून एसपीडीच्या टॅबमध्ये चिप कोणाची ते पण बघून ठेवा आणि बॉक्सचा, स्टिकरचा फोटो काढून ठेवा. या चारही कंपन्या रॅमला लाइफटाइम वॉरंटी देतात आणि ती मागताना सिरियल नंबर आणि बिल लागतं. किटमधली एक स्टिक गेली तर दोन्ही पाठवा, एकच पाठवली आणि बदलून वेगळ्या चिपची आली तर परत माझ्यासारखीच विजोड जोडी पदरात पडेल. लॅपटॉपवाल्यांनी मात्र आधी मॉडेलचं नाव टाकून बघा की रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली तर नाही, आजकालच्या पातळ मशीनमध्ये बऱ्याचदा तशीच असते आणि मग ब्रँडचा प्रश्नच उरत नाही.

माझ्या जुन्या कॉर्सेअरच्या दोन स्टिक आता आईच्या मशीनमध्ये आहेत, तिच्या क्रुशियलच्या काढून बाजूला ठेवल्या, मिसळल्या नाहीत. लावल्याच्या रात्री मेमटेस्ट केलं, चार पास, शून्य एरर. ते तीन फोटो पण कार्डावरून परत उतरवले, आणि त्या पंधरा दिवसांत बॅकअपला टाकलेली प्रत्येक फाइल मूळ फाइलशी ताडून बघायचं काम अजून चालूच आहे, साधारण निम्म्या झाल्यात.